जखम भरू नये म्हणून

तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापणीचं लांबच लांब जाळं ओढायला पन्नास माणसं लागत, पण ते टाकायचं कधी हे ठरवायला एकच डोळा होता, सहदेवचा. डावा डोळा काचबिंदूने आधीच नेला होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. उरलेल्या उजव्याने तो सुरूच्या बनाजवळ उंचवट्यावर उभा राहून पाणी बघायचा. तारली माशांचा थवा आला की पाण्याचा रंग बदलतो. तो दिसला की सहदेव डोक्यावरचा पंचा फिरवायचा आणि होडी सुटायची. वीस वर्षांत तो पंचा फुकट फिरला नव्हता.

त्या उजव्या डोळ्यातही काचबिंदू निघाला तेव्हा त्याची बायको सत्यवती त्याला गोव्याला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीकसं भोक पाडलं, आत साचणारं पाणी झिरपून जावं म्हणून. निघताना बजावलं, "ही जखम पुरती भरू द्यायची नाही. हे दुधाळ थेंब त्यासाठीच आहेत. मी सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत."

सत्यवतीने मान हलवली. बाजारात कुणी तिच्या पापलेटाला शिळं म्हटलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई, पण इस्पितळात तिची वाचाच बसायची. शब्द कानात गेले, गळी मात्र उतरले नाहीत. जखम भरू न देणारं औषध? सुरीने, माशांच्या काट्यांनी तिचे हात हजारदा फाटले होते. हळद दाबली, जखम भरली, दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर. भरलेली जखम म्हणजे बरं झालेलं माणूस, एवढंच तिला ठाऊक होतं.

पाच आठवड्यांत डोळ्याची लाली गेली. जत्रेला सत्यवतीने नारळ ठेवला आणि गणपत गुरवाने खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या सहदेवाची जखम भरान येवंदे रे म्हाराजा!" सगळ्या गावाने साथ दिली, "व्हय म्हाराजा!" सत्यवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने भरायची आणि आपण थेंब घालून अडवायची, हे तिला पापच वाटलं. दुसऱ्या दिवशी ती सहदेवला म्हणाली, "बाईन फोनार सांगितल्यान, आता थेंब नको."

ती पहिल्यांदाच त्याच्याशी खोटं बोलली, आणि तेही त्याच्या भल्यासाठी.

महिन्याभराने सहदेवने पंचा फिरवला. होडी सुटली, रापण पडली, पन्नास माणसांनी दोन तास ओढली. जाळ्यात निघालं शेवाळ आणि मूठभर खेकडे. त्याला पाण्यावर दिसली ती ढगाची सावली होती. सहदेव वाळूत बसला आणि म्हणाला, "माका सगळा धुरकट दिसता गो."

गोव्याला बाईंनी डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा उतरला. भोक बंद झालं होतं. "शरीराला कुठे ठाऊक, की ही जखम आपण मुद्दाम केलीय? रक्तातल्या रखवालदारांना वाटतं, भगदाड पडलं. ते धावून येतात, जागा लिंपतात आणि वर घट्ट वण धरतो. थेंब त्यांनाच आवरत होते. का बंद केले?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, बाई? फोनवर?" सहदेवने विचारलं.

बाईंनी सत्यवतीकडे बघितलं. सत्यवतीने जमिनीकडे. धरणी दुभंगती तर ती त्याच क्षणी आत गेली असती.

सहदेव हळूच म्हणाला, "नाही, माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

दुसरं ऑपरेशन झालं. गेली तेवढी नजर परत यायची नव्हती. उरली तेवढी राखायची होती. "आता वण आणखी जोराने धरेल. पुन्हा बंद झालं तर माझ्या हातात काही नाही," बाई म्हणाल्या. सत्यवती दर तासाला बाटली हलवून थेंब घालू लागली. सहदेव मुकाट तोंड वर करायचा. इस्पितळातून आल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी त्याचा हात धरून ती देवळात गेली. सोमवार होता, चारपाच माणसं होती. "गणपतदादा, जखम भरा नको म्हणान गाऱ्हाणा घाल," ती म्हणाली.

"खुळी काय गो तू? असला गाऱ्हाणा खंय घालतत?" असं म्हणत गणपतने नारळ घेतला आणि तोंडात बसलेलंच म्हटलं, "बा देवा म्हाराजा, सहदेवाची जखम भरान येवंदे—"

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

"नाय म्हाराजा!" सत्यवती किंचाळली. देवळात असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. ती पुढे झाली, गणपतच्या हातातला नारळ तिने ओढून घेतला. "मागचा माझा मागणा परत घे. मीच थेंब बंद केलंय, मी खोटा बोललंय. माझे दोन्ही डोळे घे, पण तेची जखम भरा नको. उघडी ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

कुणीच साथ दिली नाही. गणपत तोंड उघडं टाकून बघत राहिला. नारळ धरलेले हात दुखू लागले तरी तिला ते खाली घेववेनात.

मागून एक हात हवेत चाचपडत आला आणि तिच्या खांद्यावर टेकला.

"व्हय म्हाराजा," सहदेव म्हणाला.