मिस्त्रीकाकांचा कान आणि माझी सैल तार

मित्रांनो, मी एक जुने श्रवणमापक यंत्र आहे. माणसाला किती ऐकू येते, ते मी मोजते.

मी नवे होते तेव्हा माझी बटणे आरशासारखी चमकत. रुग्णालयातल्या जाड, मऊ भिंतींच्या एका खोलीबाहेर मला बसवले. आत माणूस बसतो, मी बारीक आवाज पाठवते आणि तो ऐकू आला की माणूस हातातले बटण दाबतो. कानाची शस्त्रक्रिया फळली की नाही, हे डॉक्टरसुद्धा मला विचारत! माझा मान काय सांगू!

पुढे नवी यंत्रे आली. माझी वर्षाची तपासणी दोनदा राहून गेली. धूळ मात्र न चुकता येई.

त्याच सुमारास मिस्त्रीकाका आले. नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारा हा माणूस, पण दोन्ही कान गेले आणि गॅरेजला कुलूप लागले. पहिल्या चाचणीत ते खोलीच्या काचेतून तपासनीसबाईंचा हात हललेला दिसला की बटण दाबत.

"काका, हाताकडे बघू नका!" बाई ओरडल्या. तेही त्यांना ऐकू आले नाही.

मग शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी कानाच्या आतल्या शंखात बारीक तार बसवली. जखम भरल्यावर कानामागचे यंत्र सुरू झाले आणि महिन्याभराने काका काकूंसोबत पुन्हा माझ्यासमोर आले.

मी आवाज पाठवला. बटण दाबले गेले नाही. मोठा पाठवला, आणखी मोठा पाठवला, तेव्हा कुठे एकदा दाबले गेले. कागदावरची रेघ जेमतेम हलली.

"गेलं सगळं पाण्यात," बाहेर येत काका पुटपुटले.

"पाण्यात कसं?" काकू उसळल्या. "काल मागून हाक मारली तर वळून बघितलंत की!"

बाई थबकल्या. "काकू, माझ्या जागी या. मी आत बसते. मी सांगते ते बटण दाबायचं."

"मी? अगं बाई, काही बिघडलं तर?"

"बिघडलंय का, तेच बघायचंय!"

बाईंचे कान ठणठणीत होते, तरी त्यांनाही माझा आवाज धड ऐकू येईना. आतल्या स्पीकरची माझी तार सैल झाली होती! मित्रांनो, मी शरमेने अर्धे झाले.

तंत्रज्ञ धावत आला. तार बदलली, प्रत्येक आवाज मोजून पाहिला. काका पुन्हा आत बसले. दाबले! पुन्हा दाबले! रेघ सरसर वर चढली. मग ओठ दिसू नयेत म्हणून बाईंनी तोंडासमोर कागद धरून माझ्यातून शब्द म्हटले.

"विहीर."

"विहीर."

"कात्री."

"खात्री?"

"पाना."

"पाना! बारा नंबरचा का चौदाचा?"

काकू हसता हसता रडू लागल्या. दहापैकी आठ शब्द बरोबर आले होते!

मित्रांनो, दुसऱ्याचे माप काढणाऱ्याचे मापही कुणीतरी तपासावे लागते. म्हणून दरवर्षी मला उघडा, पुसा, खुशाल माझ्यावर शंका घ्या. पण मी एकदा नाही म्हटले, म्हणून कुणाची आशा मोडू नका.