तेलवाल्याची चाई

माझा मुलगा मल्लेश केसांचं तेल विकतो. माका, जास्वंद आणि ब्राह्मी घालून मी ते मुरगूडला घरीच कढवते आणि तो आसपासच्या आठवडी बाजारांत बसून खपवतो. त्याची विकायची रीत अशी, की आधी स्वतःचं डोकं पुढे करायचं. "आगुदर माझं केस बघा आक्का, मग बाटलीला हात लावा," म्हणत तो त्या दाट केसांतून बोटं फिरवायचा आणि बायका बाटल्या उचलायच्या. त्याच डोक्याला, उजव्या कानाच्या वर, चाई पडली. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा.

तेव्हापासून तो भर उन्हाळ्यात कानटोपी घालून बाजारात बसायला लागला. शेजारी कांदे विकणारा बाळासो विचारायचा, "मल्लेश, तेल डोक्याला लावतोस का टोपीला?" गिऱ्हाईक हसून पुढे जायचं.

घरी तो चट्ट्यावर तेल ओतत राहिला. त्यानं भागलं नाही तेव्हा बाळासोचं ऐकून जमालगोटा उगाळून लावला. कातडीला फोड आले. मी त्याला एस.टी.त बसवून कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. प्रियदर्शनी मगदूम त्यांचं नाव. दवाखान्यातही टोपी काढायला तयार नाही. ओळखीचं कुणी बघेल म्हणे.

"यात किडा वगैरे काही नसतो," बाई म्हणाल्या. "आपलंच शरीर चुकून आपल्या केसांच्या मुळांवर उठतं."

"माझंच?"

"तुमचंच."

"मग त्याला जरा समजावून सांगा की."

बाईंनी आधी फोड बरे केले. पुढच्या खेपेला बारीक सुईनं चट्ट्यात जागोजागी औषध टोचलं. तेलाचे डबे एका हातानं उचलणारा माझा मुलगा माझं मनगट आवळून बसला. "अव्वा, ही बाई मला गोधडी समजून टाकं घालती," तो कळवळला. दर महिन्याला असंच टोचायचं होतं. घरी सकाळ-संध्याकाळ कोरड्या कातडीवर पातळ औषधाचे थेंब लावायचे आणि त्या जागी तेल बंद.

"म्याडम, माझा धंदाच तेलाचा हाय."

"धंदा करा. चट्ट्यावर थापू नका."

एवढं स्वच्छ सांगूनही त्यानं काय केलं? सकाळी औषध लावायचा आणि वरून तेल चोळायचा. सुनेनं, विद्याश्रीनं, उशीवरचा डाग दाखवला तेव्हा मला कळलं. विचारलं तर म्हणतो, औषधाला जोड. मी रागानं दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, पण त्यालाच ते बरं वाटलं असावं. पुढच्या खेपेला मी सगळं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं.

"मी औषध देते आणि तुम्ही त्याला फोडणी देता होय?" त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सुई उचलली.

पावसाळ्याच्या शेवटी चट्ट्यावर बारीक लव आली. पांढरी. यावरही त्यानं घर डोक्यावर घेतलं. "टकल्या हुतो त्ये बरं, आता म्हातारा झालो." आधी पांढरेच येतात, मागाहून काळे होतात, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण. दिवाळीपर्यंत केस खरंच काळे झाले.

त्या आठवड्यात मी बाजारात त्याच्याबरोबर गेले. टोपी पोत्यात कोंबून त्यानं डोकं पुढे केलं. "चाई पडलीती, टोपी तर सगळ्यांनी बघितलीसा. आता हुडकून दावा." सुईचं नाव नाही. बघता बघता गर्दी झाली. कागलकडची अंजना नावाची बाई लेकीला घेऊन पुढे आली. पोरीनं ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. आईनं ती सरकवली, तर मागे दोन मोठे चट्टे.

"भाऊ, हिला चार बाटल्या द्या. साळंत जात न्हाय पोर."

मल्लेशनं बाटल्या काढल्या. मला राहवलं नाही. "बाई, त्येचं केस सुईनं आल्यात. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईकडं जावा."

"म्हातारे, पोराच्या पोटावर पाय का देतीस?" बाळासो कांद्यांमागून बोलला.

अंजनानं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं मल्लेशला विचारलं, "खरं काय त्ये तुमी सांगा, भाऊ."

मल्लेश पोरीकडे बघत राहिला. ती ओढणी पुन्हा पुढे ओढत होती. मग त्यानं बाटल्या मागे घेतल्या. "अव्वा म्हनती त्ये खरं हाय. मीबी टोपी घालून लपून गेलतो. सुई लई दुखती, पर जावा. हिच्या चट्ट्याला ह्ये तेल लावू नगा."

"मग विकताय कशाला?"

"ज्येंचं केस जाग्यावर हाईत त्येंच्यासाठी."

अंजनानं डॉक्टरीणबाईंचा पत्ता माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि पोरीला घेऊन गेली. गर्दी पांगली. मला वाटलं, धंदा बुडाला.

पुढच्या बाजारी आमच्यापुढे रांग. मल्लेशच्या तेलात डॉक्टरचं औषध मिसळलेलं असतं, पण उघड सांगायची चोरी आहे, असं गावोगाव पसरलं होतं. मल्लेश घसा फोडून सांगतो, "यात औषध न्हाय, नुसता माका हाय." माणसं मान डोलवतात, डोळा मिचकावतात आणि हळूच म्हणतात, "व्हय व्हय, कळलं. त्यातलीच दोन द्या."