मान खाली

डॉक्टरांनी पेंटरला एकच काम सांगितलं होतं : काहीही करायचं नाही. डोळ्यातला सुटलेला पडदा त्यांनी पुन्हा जागेवर चिकटवला होता आणि आत वायूचा एक बुडबुडा सोडला होता. बुडबुड्याचा स्वभाव वर चढण्याचा. मान खाली असली तर तो पडद्याला दाबून धरतो, मान वर झाली तर भलतीकडे निघून जातो. म्हणून आठवडाभर झोपायचं पालथं, बसायचं मान खाली, जेवायचंही मान खाली.

"मान वर केलीत आणि पडदा सुटला, तर मी पुन्हा काही करू शकेन असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तुम्हाला दुसरा डोळा नाही." दुसरा लहानपणीच गेला होता.

माणूस दुकानांच्या पाट्या रंगवणारा, आणि रागीट. गिऱ्हाइकाने खालून "अक्षर जरा मोठं करा" म्हटलं की हा शिडीवरून उतरायचा, आणि उतरताना ब्रश सोबत आणायचा. अशा माणसाला पालथं घालून ठेवणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण दाबून बसणं. ते काम बायकोकडे होतं.

खरा धोका मात्र भल्या माणसांचा निघाला. कुणी दारात "अस्सलामु अलैकुम" म्हटलं की पेंटरची मान आपोआप वर यायची. सलामाचं उत्तर द्यायलाच हवं, आणि उभ्या जन्मात त्याने ते उशीत तोंड खुपसून दिलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बायकोने दोनदा झडप घालून त्याचं डोकं दाबलं. मग ती दारातच उभी राहू लागली. "सलाम मनात करा," असं सांगून एकेकाला आत सोडायची. नमाज तो मौलवीसाहेबांना विचारून पडल्यापडल्या इशाऱ्याने करायचा. शेवटी दोन्ही बाजूंना मान वळवायची जुनी सवय, म्हणून तेवढा वेळ बायको त्याचे कान धरून बसायची.

रोज न चुकता यायचा तो मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गाद्यांचं दुकान होतं, त्यामुळे झोपून राहण्यात माणसाला त्रास होऊ शकतो हे त्याला पटत नसे.

"भाईजान, सब्र करा."

"करतोय."

"असं वरवर नको. आतून करा."

"आत बुडबुडा आहे."

"आपा, बघ, हे चेष्टा करतायत. अहो, सब्र करणाऱ्यांच्या सोबत खुद्द अल्लाह असतो!"

"मग तू घरी गेलास तरी चालेल," पेंटर उशीत म्हणाला.

मेहुणा रुसून निघाला. बायकोने दाराची कडी लावली आणि पिठाचा डबा काढायला स्वयंपाकघरात स्टुलावर चढली.

आधी स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग डबा आदळला, गडगडत गेला आणि थांबला. त्यानंतर काहीच ऐकू येईना.

पेंटरचे दोन्ही तळवे गादीवर टेकले. खांदे उचलले गेले.

"उठू नका!" स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला.

"लागलं?"

"नाही." त्या एवढ्याशा शब्दाच्या मधोमध तिचा श्वास अडकला होता.

"खरं सांग."

"मनगट. वाकडं दिसतंय. पायही उचलत नाही. अहो, मान..."

"खालीच आहे."

फोन तिच्याजवळ नव्हता, त्याच्याजवळही नव्हता. पेंटरच्या कानशिलावरची शीर उडू लागली. एरवी अशा वेळी त्याच्या तोंडून जे निघायचं ते ऐकून गल्लीतले लोक मुलांना आत घेत. आज तो उशीतूनच, पण खणखणीत आवाजात, एकेक अक्षर रंगवल्यासारखं म्हणाला, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

त्याच क्षणी दारावर धाडधाड थापा बसल्या. मेहुणा हेल्मेट विसरला होता. "कोण गेलं? भाईजान, कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, गाढवा! फक्त मौतीलाच नाही, कुठल्याही मुसिबतीत म्हणतात ते!"

"मग दार उघडा!"

पेंटर पलंगावरून घसरत खाली आला, कोपर आणि गुडघ्यांवर. कपाळ फरशीपासून वीतभर वर. डोळ्यावरच्या झाकणाआड नुसतं धुकं होतं.

"डावीकडे खुर्ची आहे," बायकोने आतून, त्याच्या सरपटण्याच्या आवाजावरून सांगितलं. तिचे दात वाजत होते. "आता सरळ. हळू."

"तू बोलत राहा."

"बोलतेय ना. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकताय."

तो दाराशी पोचला. गुडघ्यांवर उभा राहिला, हनुवटी छातीवर रोवली आणि एक हात वर लाकडावरून चाचपत नेला. कडी जुनी होती, नेहमी अडकायची. रोज तो तिला वर बघून गुद्दा घालायचा. आज गुद्दा घातला तर हादरा डोक्याला बसला असता. बोटाच्या पेराने तो तिला केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिला. आतून बायकोचं बोलणं थांबलं होतं.

"अगं?"

उत्तर नाही.

मान कडक झाली, वर यायला निघाली आणि तिथेच थरथरत राहिली.

"सब्र करा भाईजान, पण लवकर करा!" बाहेरून मेहुणा ओरडला.

कडी सुटली. मेहुणा आत घुसला, सवयीने "अस्सलामु अलैकुम" म्हणाला आणि आपली चूक कळून पांढरा पडला.

"व अलैकुम अस्सलाम," पेंटर जमिनीला म्हणाला. "तुझी बहीण आत आहे. पळ."

बायको शुद्धीवर होती, फक्त वेदनेने ओठ चावून बसली होती. मनगट मोडलं होतं, पाय मुरगळला होता.

आठवडा संपल्यावर तिघेही डॉक्टरांकडे गेले. बायकोचा हात प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी दिवा लावून बराच वेळ डोळ्यात पाहिलं.

"पडदा चिकटलाय," ते म्हणाले. "पण बुडबुडा अजून आहे. आणखी एक आठवडा मान खाली."

मेहुण्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मिटलं.

पेंटरने आपणहून हनुवटी छातीला लावली. बायकोने धडका हात त्याच्या दंडात घातला आणि ती त्याला सांभाळत, लंगडत बाहेर घेऊन निघाली. तिचं सगळं लक्ष त्याच्या मानेकडे होतं.

"थांब, पायरी आहे," तो म्हणाला.

ती जागच्या जागी थांबली. पुढे खरंच पायरी होती.

"कडेला पिवळा पट्टा मारलाय," पेंटर खाली वाकून पुटपुटला. "कुठल्या हरामखोराने मारलाय? वाकडा आहे."