छापखान्याचे शिसे

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. मेणबत्तीचा नव्हे, की केकचाही नव्हे, रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा. दोन लोखंडी ठोकळे, मध्ये एका जाडजूड गोळीची पोकळी आणि धरायला लाकडी मुठी, एवढाच माझा देह. आज मी अलास्कातल्या एका शेडमध्ये, गंजलेल्या गळांच्या डब्यात पडून आहे. मला इथे कोणी चुकून ठेवलेले नाही.

हार्लन स्टब्ज या मासेमाराच्या घरी माझी उमेदीची वर्षे गेली. घरामागे नदी आणि नदीकाठी मासे धुरावर सुकवण्याची लाकडी खोली. त्या वासावर तपकिरी अस्वले येत. म्हणून हार्लनची बायको वेर्ना तिकडे जाताना मोठे रिव्हॉल्व्हर कमरेला लावी. तिला शिकार करायची नव्हती, फक्त घरी परत यायचे होते.

दुकानातल्या गोळ्या हार्लनला पसंत पडत नसत. टोकाला खळगा असलेली चकचकीत गोळी बोटांत फिरवून तो म्हणे, “ही लागल्या लागल्या फुलते. अस्वलाच्या चरबीतच बसेल रुतून. आपल्याला आत जाणारी पाहिजे.” त्यासाठी गोळी जड हवी, सपाट नाकाची हवी आणि मुख्य म्हणजे कडक हवी. जड आणि सपाट मी करत असे. कडकपणा मात्र शिशातून येई. गावातला छापखाना बंद पडला, तेव्हा हार्लनने अक्षरांचे शिसे पोत्यात भरून आणले होते. ते नेहमीच्या शिशाहून पुष्कळ टणक असते.

सुरुवातीला तो शिसे स्वयंपाकघरातच वितळवू लागला.

“माझ्या चुलीवर?” वेर्ना कडाडली. “उद्या हे शिसं सूपमध्ये घालून वाढणार आहेस का मला?”

“अगं, खिडकी उघडली आहे ना.”

“हो, आणि बर्फ घरात आलाय! ऊठ, जा शेडमध्ये.”

तेव्हापासून शेड हे आमचे घर झाले. मी थंड असलो की पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघत. हार्लन त्या पुन्हा भांड्यात टाकी, पण मला कधी बोल लावत नसे. “तापू दे म्हाताऱ्याला,” म्हणे. मग एकेक गोळी तो नखाने ओरखडून पाही. ऐरणीवर टाकली की ती टणकन वाजायला हवी. तयार काडतुसांतले एक तो भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर झाडी आणि गोळी किती खोल गेली ते पानन् पान उलटून बघे. त्यानंतरच उरलेली वेर्नाच्या हाती पडत. दुसऱ्याने भरलेले काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचे नाही, हा त्याचा नियम होता.

पुढे हार्लनचे हात थरथरू लागले. काडतुसात भरायची दारू मोजताना तराजूभोवती सांडू लागली. तेव्हा क्लीट म्हणाला, “दे इकडे साचा. मी भरून आणतो.” क्लीट त्याचा होडीवरचा भागीदार. एकदा भर समुद्रात हार्लन पाण्यात पडला, तेव्हा यानेच त्याला कॉलरला धरून वर ओढले होते. हार्लनने नियम मोडला. पोते आणि मी, दोघेही क्लीटच्या घरी गेलो.

तिथे जे घडले ते माझ्याच पोटात घडले, मित्रांनो. छापखान्याच्या शिशाच्या गोळ्या क्लीटने स्वतःसाठी पाडल्या. पोते संपले. मग त्याने जुन्या जाळ्यांची वजने वितळवली. ते शिसे लोण्यासारखे मऊ. त्याच्या ज्या गोळ्या निघाल्या, त्या वेर्नाच्या डबीत गेल्या. दिसायला सगळ्या जुळी भावंडे.

क्लीट डबी आणि मला घेऊन घरी आला तेव्हा वेर्नाने हळूच विचारले, “कागद भिजवू का?”

“क्लीटच्या हातची आहेत ती,” हार्लन म्हणाला. “त्याच्यादेखत तपासत बसू? काय वाटेल त्याला?”

सामन माशांच्या हंगामाअखेरीस अस्वल आले. वेर्नाने त्याच्या खांद्यावर नेम धरून दोनदा गोळी झाडली. ते थांबले नाही. ती धुराच्या खोलीच्या छपरावर चढत असतानाच त्याने तिची पोटरी फाडली. घरचे कुत्रे मध्ये पडले म्हणून ती वाचली. कुत्रे वाचले नाही. शेजाऱ्याने ते अस्वल मारले, तेव्हा वेर्नाच्या दोन्ही गोळ्या कातडीखाली चपट्या होऊन बसलेल्या सापडल्या.

त्या टेबलावर आणल्या, तेव्हा मी शेजारीच होतो. वेर्नाचा बांधलेला पाय खुर्चीवर होता. हार्लनने एका गोळीवर नख दाबले. नख रुतले.

“साचाच कामातून गेलाय, हार्लन,” क्लीट घाईने म्हणाला. “ठोकळे नीट मिटत नाहीत. पोकळ पाडतो तो.”

“साच्याने शिसं मऊ होतं होय रे?” वेर्ना म्हणाली.

हार्लन त्या नखाच्या खुणेकडे बघत राहिला. मग क्लीटच्या हातांकडे. त्याला सगळे कळले होते. मी त्याच्या हातात इतकी वर्षे होतो. त्याची बोटे मला ओळखू येत.

“जुना झालाय खरा,” तो म्हणाला आणि त्याने मला या डब्यात टाकले.

क्लीट अजूनही रविवारी कॉफीला येतो. आता नव्या साच्यातून वेर्ना स्वतः गोळ्या पाडते आणि क्लीट समोर बसलेला असला तरी वर्तमानपत्रे भिजवते.

एकदा गळ शोधताना तिला मी सापडलो. तिने मला पुसले, मिटले आणि दारातल्या उजेडाकडे धरले. दोन ठोकळ्यांमधून उजेडाची एक रेघही आली नाही.

“बघ,” ती म्हणाली.

दारात हार्लन उभा होता. त्याने पाहिले. “राहू दे तिथंच,” तो म्हणाला आणि घराकडे वळला.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे जुने हत्यार बिघडले असे कोणी सांगितले, तर आधी ते पुसा आणि उजेडाकडे धरून पाहा. आणि ते धडधाकट निघाले, तर नजर वळवू नका. गंज तर मला चढतोच आहे, पण हार्लनने त्या दिवशी पाहूनही मला इथेच ठेवले, ते जास्त लागले.