शर्यतीच्या होडीत झोपायची जागा

"पाय लांब कर."

"केले. आता कोपरं कुठे ठेवू, खिशात?"

मागच्या अंगणात होडीच्या मधल्या भागाचा पुठ्ठ्याचा नमुना उभा होता, अगदी खऱ्या मापाचा. आत नर्सबाई रात्रपाळीचा गणवेश न बदलताच आडव्या झाल्या होत्या. बाहेर टेप घेऊन उभे होते त्यांचे यजमान, गोदीतले ड्राफ्ट्समन. त्यांचा उभा जन्म गाळ उपसणाऱ्या बोटींचे नकाशे काढण्यात गेला. वेगाशी गाठ पडायची ती स्वप्नात. आता ते स्वप्न कागदावर उतरलं होतं: मध्ये एक सडपातळ सांगाडा, दोन्ही अंगांना तोल सांभाळणारे दोन बारीक, पोकळ तरंगे. शर्यतीत सुसाट पळेल, आणि तरंगे दुमडले की गाडीमागे ट्रेलरवर बसून घरी येईल.

"शर्यतीच्या होडीत झोपतं कोण?" ते पुटपुटले.

"मी! लग्न झाल्यापासून ऐकतेय, समुद्रावर फिरायला नेतो म्हणून. तुम्ही पळणार आणि मी काठावर डबा धरून उभी? मग तुम्ही, मी आणि ही होडी माझी सवत: तीन तिगाडा, काम बिघाडा."

ड्राफ्ट्समननी पुन्हा टेप लावली. सांगाडा रुंद केला तर वेग गेला, अरुंद ठेवला तर बायको मावत नाही. शिवाय रुंदी वाढली की दुमडलेली होडी ट्रेलरवर बसायची नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"पडून राहा जरा," म्हणत ते पेन्सिल आणायला आत गेले. परतले तर नर्सबाई गाढ झोपलेल्या. त्यांच्या कोपरांनी पुठ्ठा वरच्या बाजूला बाहेर रेटला होता. तळाशी मात्र तो तसाच अरुंद.

ड्राफ्ट्समन बघतच राहिले. अरे, पाण्याला लागतो तो फक्त खालचा भाग! पाण्याच्या वर भिंती बाहेर कलत्या केल्या तर बिघडलं कुठे? आणि कोंबडीच्या पंखाखाली पिल्लं शिरावीत तसे तरंगे त्या फुगवट्याखाली दुमडतील! बायकोला न उठवता त्यांनी पुठ्ठ्यावरच रेघा ओढायला सुरुवात केली.

होडी बांधण्यात पुढच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. शर्यतीच्या सकाळी वजन कमी करायला ते गादी उतरवू लागले.

"हात तर लावून बघा!" नर्सबाई म्हणाल्या. गादी राहिली.

दोघांची होडी दुसरी आली, अगदी थोडक्यात. गादीचा विषय ड्राफ्ट्समनच्या ओठांवर आला नि त्यांनी तो गिळला.

दुपारी बाकीच्यांनी होड्या ट्रेलरवर चढवल्या, यांची मात्र पाण्यातच. पहिला आलेला तरुण ओरडला, "काका, दुमडत नाही का?"

"दुमडते की," नर्सबाईंनीच उत्तर दिलं, "पण परवापर्यंत रजा आहे माझी." आणि सुकाणू हातात घेतलं.

वारा भरला, शीड ताठ झालं. आपण आखलेली प्रत्येक बोट ड्राफ्ट्समननी आजवर धक्क्यावरून हात हलवत पाठवली होती. आता धक्का मागे पडत होता. ते समोर तोंड करून बायकोशेजारी बसले.