मान सरळ ठेवायची अट

"दिसली! पिंड दिसली की!" रांगेत पुढं असलेली बनाबाई किंचाळली आणि कसबा बावड्याच्या खणीवर जमलेली गर्दी पुढं रेटली. दगड काढून पडलेल्या त्या खड्ड्यात पाणी साठलं होतं. सकाळी दहाच्या उन्हात ते असं चकाके, की नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या लखलखाटाशिवाय काही दिसत नसे. पण नयनानंद महाराजांचा काळा चष्मा चढवला, की लखलखाट गायब आणि तळाशी महादेवाची पिंड हजर!

"ही काच न्हाय, बारा वर्सांचं तप हाय!" महाराज गरजत होते. "सात सोमवार दर्शन घ्या, डोळ्याचा रोग पळंल. पण डाक्टरचं औषध घातलं, तर दृष्टी बाटली! आणि मान सरळ! मान वाकडी केली, की देव गुप्त!"

साखर कारखान्यातल्या प्रभुलिंगचा पाय रांगेत ठरत नव्हता. पुढं त्याची आई शिवम्मा. तिला काचबिंदू झालेला. थेंब एक दिवसही चुकवू नका, या रोगात गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि म्हातारीनं चार सोमवारांपासून थेंब बंद केले होते! समजावून झालं, भांडून झालं, अबोलाही धरून झाला. शेवटी आज तो पेठ वडगावच्या वर्धमानअण्णांना, चष्म्याच्या दुकानदारांना, मोटारसायकलवर घालून घेऊन आला होता.

"अण्णा, लवकर बघा की."

"दम धर. देवाला आपल्या मानंचं काय पडलंय, तेवढं कळू दे."

शिवम्माची पाळी आली. चष्मा घालताच तिनं हात जोडले. अण्णांनी खिशातून आपल्या दुकानातला गॉगल काढला. "अव्वा, आता ह्यो घाला."

"अगं बाई! ह्यातबी दिसती की!"

महाराज चपापले, पण गडी तयारीचा. "आमचं तेज उतरलं त्या काचंत!"

"उतरलंय न्हवं? आता पळवून दावतो." अण्णांनी गॉगल शिवम्माच्या डोळ्यापुढं उभा धरला, एक काच वर, एक खाली. पुन्हा लखलखाट. आडवा धरला, पिंड आली. उभा धरला, गेली. मग त्यांनी महाराजांचा चष्मा आडवा आणि त्यावर आपला गॉगल उभा धरला. दोन्ही काचांतून पलीकडं काळाकुट्ट अंधार. "घ्या! दोन तपं एकत्र आली आणि दिवसाढवळ्या रात्र झाली!"

लोक हसले. अण्णा समजावू लागले. "पाण्यावरनं उसळी मारणारा उजेड बहुतेक आडवा थरथरतो. ह्या काचंत असा पापुद्रा असतोय, की उभ्याला वाट आणि आडव्याला अटकाव. खिडकीच्या गजांतनं फूटपट्टी उभी जाती, आडवी अडकती, तसंच. मान वाकडी केली, की गज आडवं. मग चकाकी घुसलीच! उन्हात गाडी चालवणाऱ्याला ह्यो चष्मा लई गुणाचा, डोळं दिपत न्हाईत. पण त्यो चकाकी मारतोय, रोग न्हाय."

गर्दीतल्या केरबानं गुडघाभर पाण्यात उतरून पिंड उचलून आणली. सिमेंटची निघाली. तोवर महाराज रिक्षात बसले होते.

"पण मला देव दिसला हुता रं," शिवम्मा पुटपुटली.

प्रभुलिंग तिच्यापुढं वाकला. "अव्वा, गळ्यातलं लिंग रोज तळहातावर घेऊन पुजतीस. त्याला बघाय कधी कुणाचा चष्मा लागला?"

तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मग म्हणाली, "चल, थेंब घाल माझ्या डोळ्यात."

थेंब सुरू झाले, राहिलेली नजर टिकली. पण डाव्या डोळ्याची कड गेली ती गेलीच. महिन्याभरानं शेजारची शालूबाई येऊन तिच्या डाव्या अंगाला बसली, तरी शिवम्माला पत्ताच नाही. शालूबाईनं हाक मारली तेव्हा ती दचकली.

"अगं, कवा आलीस? इकडच्या अंगाला बस. ती बाजू गेली माझी." आणि मग हळूच म्हणाली, "मान का सरळ ठेवायची, येवढं एकदा इचारलं असतं तर ऱ्हायली असती. तू इचारत जा, बाई. देव काय रागवत न्हाय."