मोठ्या माणसाची हाक

ओसाकाच्या या गल्लीत मला एकतीस वर्षं झाली, पण माझं नाव इथं कुणाला ठाऊक नाही. जपानीत मालाच्या नावापुढे 'या' लावला की दुकान होतं, आणि त्याच नावाने दुकानदारालाही हाक मारतात. फुलं विकतो तो हानाया, पाव विकतो तो पानया. मी करी विकतो, म्हणून मी कारेया-सान; सान म्हणजे आपलं राव. शेजारची म्हातारी किमची, म्हणजे कोरियातलं कोबीचं तिखट लोणचं, विकते, म्हणून ती किमुचीया-सान. आम्हीही एकमेकांना दुकानाच्याच नावाने हाका मारत आलो. माझी बायको गेली तेव्हा दारात आलेल्या फुलांवरसुद्धा कारेयाच लिहिलेलं होतं. खरं नाव कुणाला सांगणार?

गेल्या महिन्यात एका टेम्पोने मागे येताना म्हातारीच्या दुकानाचं शटर चेपलं. ती आतच होती. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून तिने अन्न सोडलं. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. मुलगा टोकियोहून आला, दोन दिवस घड्याळाकडे बघत बसला आणि परत गेला. म्हातारी त्र्याऐंशीची, मूळची कोरियातल्या जेजू बेटावरची. गल्लीतली निम्मी माणसं तिकडचीच. दहा दिवसांत तिचे गाल बसले. मी रोज पेज करून नेत होतो आणि रोज तशीच परत आणत होतो.

"दोन घोट तरी घ्या. विष नाही घातलेलं."

"तीस वर्षं तुझी करी खाल्ली, मी विषाला भिते होय?" ती म्हणाली. "माझा जीव उडालाय, कारेया-सान. टेम्पोच्या आवाजासरशी उडाला. तू पेज भरवतोस कुणाला?"

"मग बोलवा की त्याला परत."

"आपला आपल्याला बोलावता येत नाही. टाळूवर हात ठेवून मोठ्या माणसाने हाक मारायची असते. नुसत्या नावाने, पुढे 'या' लावून. आमच्यात धाकट्याला असं वयाने मोठ्या माणसानेच बोलवायचं. मार्चमध्ये मावशी गेली. आता मला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही."

"मी मारतो हाक. नाव सांगा."

"तू चौदा वर्षांनी धाकटा. माझा बाप थडग्यातून उठून बडवेल तुला."

तेव्हा मला कळलं, की ही बाई आता जगणार नाही. आणि मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. शेजारी किमचीची बरणी उघडल्याचा आवाज आला नाही तर माझा दिवस उजाडायचा कसा, हा माझाही स्वार्थ होताच. दुकान बंद करून मी तिच्याहून मोठं माणूस शोधायला दारोदार हिंडलो. जिथं जावं तिथं लोक भिंतीवरचे गेलेल्यांचे फोटोच दाखवायचे. शेवटी वृद्धाश्रमात एकच सापडली, पंच्याण्णव वर्षांची को आजी. तीही जेजूचीच, आमच्याच गल्लीत सुकी मासळी विकायची. कोपऱ्यावरच्या जागेवरून हिचं आणि म्हातारीचं कडाक्याचं भांडण झालेलं, आणि वीस वर्षं तोंड बघणं बंद.

"ती चोर अजून जिवंत आहे?" को आजीने विचारलं.

"जीव उडालाय तिचा, फार दिवस नाही राहायची."

"माझ्या आधी जाणार? लाज नाही तिला. ढकल माझी खुर्ची."

तिला बघून म्हातारीने भिंतीकडे तोंड फिरवलं. को आजीने तिच्या टाळूवर हात ठेवला आणि फुंकर घातली.

"इन्जाया, परत ये." पुन्हा फुंकर. "इन्जाया, तो कोपरा तुलाच राहू दे, पण ये." मग अगदी हळू, "इन्जाया." म्हातारीचं नाव इन्जा, हे मला तेव्हा कळलं.

त्र्याऐंशी वर्षांच्या त्या बाईने शाळकरी पोरीसारखी ओ दिली आणि ती रडायला लागली. को आजीही रडली, वर तिला शिव्याही दिल्या. मग म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "पेज गार झालीय. गरम करून आण."

को आजीला पोचवून मी परत आलो, तेव्हा वाटी रिकामी होती. म्हातारी मला बराच वेळ न्याहाळत होती.

"तुला कोण हाक मारतं?"

"कुणी नाही. अक्का होती, माझी थोरली बहीण. आमच्यातही नावाला 'या' लावतात. चारचौघांत परक्याने लावला तर अपमान वाटतो. अक्का मात्र मी साठीचा झालो तरी फोनवर 'ए दत्त्या' म्हणायची. तिला जाऊन आठ वर्षं झाली."

"नाव काय म्हणालास?"

"दत्ता."

वाटी उचलून मी घरी गेलो.

सकाळी मी कांदे सोलत होतो. पलीकडे बरणी उघडल्याचा आवाज झाला.

"दत्ताया."

मी सुरी खाली ठेवली. अक्काची हाक तोकडी असायची, ही लांबट होती. हात पुसत मी उठलो.

"दत्ताया," म्हातारी पुन्हा म्हणाली. ती घाईत नव्हती. आमच्या दोन दुकानांमधल्या पातळ फळीवर तिने हात ठेवला असावा, कारण फळी किंचित करकरली.

"दत्ताया."

तिसऱ्या हाकेला मी ओ दिली.